कामावर परतलो, तर अनुदानाचे काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलगा तिशीच्या उंबरठ्यावरचा. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. त्याचा गोवर मी पाहिला आहे आणि दहावीच्या परीक्षेत आलेला तापही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तो पॉवर प्रेसवर काम करीत होता. वर्षभरापूर्वी प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली. जखम भरून आठ महिने झाले होते. हात कोरडा होता, ताकद बऱ्यापैकी परत आली होती. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट घट्ट बसत होती. तरी आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्याला आणखी सहा महिन्यांचा आराम लिहून द्या. कामावर गेला तर पेन्शन बंद होईल, असं सगळे म्हणतात."

मुलगा काही बोलला नाही. डावा हात पँटच्या खिशात घालून तो खाली पाहत बसला होता.

वाचकहो, हा प्रसंग मी लिहितो आहे तो त्या कुटुंबाचे चुकले म्हणून नव्हे, माझे चुकले म्हणून. कारण त्याआधी दोनदा ती माउली आली होती, आणि दोन्ही वेळा मी "राहू द्या अजून थोडे दिवस घरी" असे सांगून तिची समजूत काढली होती. घरी राहायला सांगणे डॉक्टरला सोपे जाते. त्यात कोणाचा रोष पत्करावा लागत नाही, आणि आपण रुग्णाची काळजी घेतली असे समाधानही मिळते. परंतु विश्रांती हे औषधच आहे, आणि औषधाची मात्रा जास्त झाली की अपाय होतो, हे मी त्या दोन्ही वेळा विसरलो होतो. त्या आठ महिन्यांत मुलगा सकाळी दहाला उठू लागला होता. तंबाखू सुरू झाली होती. गावच्या यात्रेला तो गेला नव्हता. हात बरा झाला होता आणि माणूस आजारी पडत चालला होता.

"पेन्शन बंद होईल" ही भीती आपल्या जिल्ह्यात मला जागोजागी भेटते. कोणाला ती पारावर ऐकायला मिळते, कोणाला आठवडे बाजारात. तीत काही खरे आहे आणि बरेचसे खोटे. म्हणून या वेळी औषधांविषयी न लिहिता या भीतीविषयी लिहितो.

चार प्रकारचे पैसे

अपंगत्वामुळे घरात येणाऱ्या साऱ्या पैशांना आपण सरसकट "पेन्शन" म्हणतो. गोंधळाची सुरुवात येथेच होते. प्रत्यक्षात हे लाभ चार प्रकारचे असतात, आणि कामावर परतल्यावर प्रत्येकाचे काय होते याचा नियम निराळा आहे.

पहिला प्रकार, काम करता येत नाही त्या दिवसांची भरपाई. काम सुरू झाले की ती थांबते.

दुसरा प्रकार, शरीराची जी क्षमता कायमची गेली तिची भरपाई. काम सुरू झाले तरी ती थांबत नाही.

तिसरा प्रकार, गरिबीत आधार म्हणून दिलेले अनुदान. ते काम करण्यावर अवलंबून नसते. कुटुंबाचे उत्पन्न किती, यावर अवलंबून असते.

चौथा प्रकार, दिव्यांग व्यक्ती म्हणून मिळणारे हक्क आणि सवलती. नोकरी लागली म्हणून त्या हिरावल्या जात नाहीत; उलट त्यांतील काही खास नोकरीसाठीच आहेत.

आपल्या घरी येणारा पैसा या चारांपैकी कोणता, एवढे एकदा ठरले की निम्मी भीती संपते.

कामगार विम्याचे दोन लाभ

वर सांगितलेला तरुण कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्यात, नोंदलेला होता. १९४८च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी आहे. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. वेतनातून कामगाराचा पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो.

कामावर असताना इजा झाली तर या योजनेत दोन वेगवेगळे लाभ मिळतात. जखम भरेपर्यंत, काम करता येत नाही तोवर, वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. हा पहिल्या प्रकारातला पैसा. ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा हा लाभ त्याला घेता येत नाही. साध्या आजारपणात मिळणारा लाभही याच जातीचा: वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू अशा ठरावीक दीर्घ आजारांत तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. हे लाभ घेत असताना दुसरीकडे गुपचूप काम करणे हा नियमभंग आहे. तसे कोणी सुचवले तरी करू नये.

जखम भरल्यावर काही उणीव कायमची राहिली, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवते आणि कायम अपंगत्वाचा लाभ सुरू होतो. हा दुसऱ्या प्रकारातला पैसा. कायद्याच्या परिशिष्टात अशा इजांचा तक्ताच दिला आहे. एका हाताचा अंगठा गेल्यास ३० टक्के, तीन बोटे गेल्यास ३० टक्के, चार बोटे गेल्यास ५० टक्के. समजा एखाद्याचे रोजचे सरासरी वेतन ५०० रुपये होते. त्याचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये, आणि त्याच्या ३० टक्के म्हणजे दिवसाला १३५ रुपये. महिन्याला हे सुमारे ४,०५० रुपये होतात. मंडळाचा निर्णय अंतिम झाला की हा लाभ आयुष्यभर मिळतो, आणि तो कामगार पुन्हा कामावर गेला, त्याच कारखान्यात गेला किंवा पूर्वीइतकाच पगार घेऊ लागला, तरीही मिळत राहतो. कारण तो बोटांचा मोबदला आहे, आणि पगार मिळू लागला म्हणून बोटे परत येत नाहीत.

आमच्या तरुणाच्या पासबुकात जमा होणारी रक्कम याच प्रकारची होती. त्याला मी विमा योजनेच्या शाखा कार्यालयात जाऊन लेखी विचारायला सांगितले. उत्तर घेऊन तो परत आला तेव्हा त्याच्या आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. आठ महिने ज्या भीतीने तो घरात बसला, ती भीती त्याच्या बाबतीत मुळातच खोटी होती.

ज्या कामगारांना हा विमा नाही, त्यांना कामावर झालेल्या इजेबद्दल मालकाकडून एकरकमी भरपाई मागण्याचा हक्क १९२३ सालापासून आपल्या देशात आहे. तीही क्षमतेची भरपाई असल्याने पुढे काम केले म्हणून परत करावी लागत नाही.

आपला जिल्हा सैनिकांचाही आहे. आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र नगरलाच आहे, आणि निवृत्त जवान गावोगावी आहेत. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी त्यांना निवृत्तिवेतनात जो अपंगत्वाचा घटक मिळतो, तोही दुसऱ्याच प्रकारात मोडतो. शंभर टक्के अपंगत्वासाठी तो अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. जवानाने पुढे बँकेत सुरक्षारक्षकाची किंवा अन्य नोकरी धरली म्हणून तो थांबत नाही. जखमी जवानाने पुन्हा कामाला लागावे हा विचार सैन्यात जुना आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, अपंग सैनिकांना कसब शिकवण्यासाठीच सुरू झाली.

जेथे भीती खरी आहे

तिसऱ्या प्रकाराविषयी मात्र मला अधिक सावधपणे लिहिले पाहिजे, कारण तेथे भीतीला आधार आहे.

राज्य शासनाची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. दिव्यांग लाभार्थ्यांना तिच्यातून ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये मिळू लागले. त्याआधी १,५०० मिळत. अट अशी की अपंगत्व किमान ४० टक्के असावे आणि दिव्यांग व्यक्तीच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत असावे. तहसील कार्यालयामार्फत ही योजना चालते आणि दर वर्षी हयातीचा व उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो.

पाथर्डी तालुक्यातील एक तरुणी माझ्याकडे येते. वडील ऊसतोडणीला जात. ते आता नाहीत. घरात ती आणि तिची वृद्ध आई. लहानपणी झालेल्या अपघातात तिचा एक पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय लावून ती चालते, आणि शिवणकाम उत्तम करते. शहरातील एका कपड्यांच्या दुकानाने तिला दरमहा ६,००० रुपयांवर बोलावले, तेव्हा ती विचारायला आली, "डॉक्टर, जाऊ का?"

आम्ही दोघांनी माझ्या टेबलावर कागद घेऊन हिशेब मांडला. तो वाचकांपुढेही मांडतो, कारण हा हिशेब अनेक घरांचा आहे.

अनुदानाचे वर्षाला ३०,००० रुपये होतात. ती घरी बसून गावातल्यांचे कपडे शिवते, त्यातून महिन्याला ४,००० रुपये मिळतात असे धरा. वर्षाचे ४८,००० झाले. ही रक्कम मर्यादेच्या आत आहे, म्हणून अनुदान चालू राहते, आणि हाती एकूण ७८,००० रुपये येतात. दुकानात ६,००० रुपयांवर गेली तर वर्षाला ७२,००० मिळतील; पण मर्यादा ओलांडल्याने अनुदान जाईल. म्हणजे कमाई वाढून वर्षअखेरीस हातात ६,००० रुपये कमी येतील, आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा. दरमहा सुमारे ४,१७० पासून ६,६७० रुपयांपर्यंतचा हा पट्टा असा आहे की त्यात जास्त कमावणारा तोट्यात राहतो. त्याच्या पुढे गेल्यावरच पगार अनुदानाला मागे टाकतो.

त्यातही नुसत्या आकड्यांनी भागत नाही. अनुदान लहान असले तरी ते येत राहते. दुकानाची नोकरी दिवाळीनंतर राहीलच असे नाही. नोकरी गेली तर पुन्हा अर्ज, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा समितीची मंजुरी. तेवढे महिने चूल कशावर पेटवायची?

तिला "जा" किंवा "जाऊ नको" असे मी सांगितले नाही. उत्पन्न लपवून दोन्ही घ्यावे, असा सल्ला तिला गावातून मिळाला होता. तो मात्र मी स्पष्ट शब्दांत खोडून काढला. खोट्या माहितीवर घेतलेले पैसे पुढे वसुलीला येऊ शकतात, आणि तशी तक्रार करणारे बहुधा शेजारचेच असतात. तिने दुकानदाराला निरोप पाठवला, की ८,००० देत असाल तर येते. त्याने अजून होकार दिलेला नाही. ती घरीच शिवते आहे, आणि दर तीन महिन्यांनी पायाच्या तपासणीला आली की नव्या शिलाई यंत्राविषयी बोलते. तिला आळशी म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

दोष मर्यादेच्या कडेलोटात आहे. अमेरिकेत अपंगत्वाचा विमालाभ घेणाऱ्याला नऊ महिने चाचणीदाखल काम करून पाहता येते. त्या काळात कमाई कितीही झाली तरी लाभ चालू राहतो. लाभ थांबल्यावर पाच वर्षांच्या आत काम जमेनासे झाले, तर तो तातडीने पुन्हा सुरू करण्याची सोयही तेथे आहे. आपल्याकडे राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. एक वर्ष चाचणीचे, आणि उत्पन्न वाढेल तसे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी, एवढी सुधारणा झाली तरी पाथर्डीची ती मुलगी उद्या बसमध्ये चढेल.

दोन टक्केवाऱ्यांची गल्लत

आणखी एक भीती अशी, की "कामावर गेलो तर माझे अपंगत्वाचे टक्के कमी करतील." हेही समजून घेऊ.

जिल्हा रुग्णालयाचे मंडळ अपंगत्व प्रमाणपत्रात जे टक्के लिहिते, ते शरीराच्या उणिवेचे असतात. त्यावरून वैश्विक ओळखपत्र मिळते. ४० टक्क्यांखाली पांढरा पट्टा, ४० पासून ८० टक्क्यांच्या आत पिवळा, आणि ८० किंवा अधिक असल्यास निळा. तुम्ही काम करता की नाही, याचा या टक्क्यांशी संबंध नाही. एक पाय नसलेला मनुष्य कलेक्टर झाला तरी त्याचा पाय गेलेलाच असतो.

विमा योजनेचे टक्के वेगळे. ते कमाईच्या क्षमतेचे. म्हणून एकाच हाताला दोन कागदांवर दोन आकडे दिसू शकतात, आणि त्यांतला एकही खोटा नसतो. मात्र अर्धांगवायूसारख्या, सुधारणेची शक्यता असलेल्या आजारांत प्रमाणपत्र काही काळापुरते दिलेले असू शकते. त्यावरची मुदत पाहून ठेवावी आणि ती संपण्याआधी फेरतपासणीची तारीख घ्यावी.

नोकरीतील हक्क

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मानतो, आणि शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखून ठेवतो. त्यातील एक तरतूद प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याच्या घरी ठाऊक असावी. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही, की त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. तशी जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. अशीच तरतूद १९९५च्या कायद्यातही होती, आणि पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ती ठामपणे उचलून धरली.

माझ्या एका रुग्णाला, सरकारी वाहनाच्या चालकाला, पक्षाघातानंतर त्याच्या कार्यालयातील कोणीतरी "स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका, सुटाल" असे सुचवले होते. अर्जावर सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी तो रक्तदाब तपासायला आला, म्हणून मला कळले. सही झाली नाही. आज तो त्याच कार्यालयात आवक-जावक नोंदवही सांभाळतो. वाचकहो, आजारपणात कोणत्याही राजीनाम्यावर किंवा निवृत्तीच्या अर्जावर घाईने सही करू नका. मेंदूच्या आजारानंतरचे पहिले सहा महिने तर अशा निर्णयाचे मुळीच नसतात.

खासगी आस्थापनांवर हे बंधन इतके कडक नाही. परंतु वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करून दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत ते सांगावे, असा नियम आहे. बसायला उंच स्टूल, तळमजल्यावरचे टेबल, पाळीच्या वेळेत थोडा बदल, एवढ्याने पुष्कळदा काम होते. एस.टी.ची ७५ टक्के प्रवाससवलत नोकरी करणाऱ्या दिव्यांगालाही आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून साधने किंवा व्यवसायाला मदत मिळते का, ते ग्रामसेवकांना विचारावे.

शरीराची तयारी

कागदांचे झाले. आता माझ्या क्षेत्राचे थोडे.

काम हे केवळ पोटापाण्याचे साधन नाही. ते प्रकृतीलाही धरून ठेवते. ब्रिटिश सरकारसाठी गॉर्डन वॅडेल आणि किम बर्टन या अभ्यासकांनी २००६ साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. योग्य काम हे सामान्यतः शरीराला व मनाला हितकारक असते, असा त्याचा निष्कर्ष होता. "योग्य" हा शब्द तेवढा विसरू नये. त्या देशात २०१० पासून डॉक्टरच्या दाखल्यात "काम करण्यास अयोग्य" याच्या जोडीला "पुढील बदल केल्यास काम करू शकेल" असाही पर्याय आला. आपल्याकडे फिट किंवा अनफिट एवढेच लिहिण्याची रीत आहे. मी मात्र आता माझ्या दाखल्यात बदल लिहितो: पहिले दोन आठवडे अर्धा दिवस, वजन उचलणे नाही, दोन तासांनी दहा मिनिटे विसावा. सगळेच मालक ते मानतात असे नाही; पण विचारल्याशिवाय मिळत नाही, हेही खरे.

कामावर जाण्याआधी महिनाभर घरीच तयारी सुरू करावी. कामाच्या वेळेलाच उठावे, आंघोळ करून कपडे घालून तयार व्हावे. रोजचे चालणे हळूहळू वाढवावे. बसून करायचे काम असेल तर आधी एक तास, मग दोन, असे बसून पाहावे. पाय गमावलेल्यांनी कृत्रिम पाय घालण्याचा वेळ टप्प्याने वाढवावा, आणि रोज रात्री उरलेल्या भागाची कातडी आरशात पाहावी. लाली, फोड किंवा ओलसरपणा दिसला तर दुसऱ्या दिवशी पाय चढवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने ही तक्रार वाढते. म्हणून सुती मोजे दिवसातून दोनदा बदलावेत. मधुमेह असेल तर दुसऱ्या पायाचीही तितकीच काळजी घ्यावी.

पक्षाघातानंतर थकवा येतो. तो दिसत नाही, म्हणून लोकांना खोटा वाटतो. पण तो आजाराचाच भाग आहे. अवघड काम सकाळी करावे. फिट येत असेल किंवा नजरेचा एखादा भाग गेला असेल, तर डॉक्टरने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय वाहन आणि फिरते यंत्र यांच्यापासून दूर राहावे. जखमी हाताची संवेदना कमी असेल तर भाजणे व कापणे कळत नाही, याचे भान ठेवावे.

मनाची तपासणीही तितकीच महत्त्वाची. सलग दोन आठवडे झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, अपघाताचे दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, जगणे नको वाटणे, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरला मोकळेपणाने सांगावे. त्यावर उपचार आहेत. ते झाल्याशिवाय नुसत्या धीराच्या शब्दांनी माणूस यंत्रापुढे उभा राहू शकत नाही.

घरच्यांनी काय करावे

मायेपोटी आपण आजारी माणसाच्या हातातला पाण्याचा तांब्याही काढून घेतो. दिवसेंदिवस असे झाले की त्याला वाटू लागते, आपण आता केवळ सांभाळण्यापुरते उरलो. घरातील एक काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवा. वीजबिल भरणे असो, मुलांचा अभ्यास असो की दुधाचा हिशेब. ते त्याच्या गतीने होऊ द्या. आणि पैशाची चर्चा त्याच्या पाठीमागे करू नका. "हा कामाला गेला तर अनुदान जाईल" हे वाक्य दाराआडून ऐकणाऱ्याला असे वाटते, की घराला आपल्या हातांपेक्षा आपल्या अपंगत्वाचीच किंमत अधिक आहे.

थोडक्यात क्रम असा ठेवावा. येणारा पैसा चारांपैकी कोणत्या प्रकारातला, ते मंजुरीच्या कागदावरून पाहावे. संबंधित कार्यालयाला लेखी प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावे. अनुदान असेल तर वर्षाचा हिशेब कागदावर मांडावा. प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि मंजुरीपत्र यांच्या प्रती घरात जपून ठेवाव्यात. पुन्हा अर्ज करण्याची वेळ आल्यास त्या उपयोगी पडतात. मग डॉक्टरला भेटून, काम कोणते आहे ते सविस्तर सांगून, कोणत्या बदलांसह ते करता येईल ते लिहून घ्यावे. नुसते "आराम लिहून द्या" म्हणू नये; आणि डॉक्टरने ते सहज लिहून दिले तर "किती दिवस आणि कशासाठी" असे अवश्य विचारावे.

सुप्याचा तो तरुण दिवाळीनंतर कामावर गेला. प्रेसवर नाही, तयार मालाची तपासणी करणाऱ्या विभागात. पहिले पंधरा दिवस तो अर्धा दिवसच करी. परवा खोकल्याचे औषध न्यायला एकटाच आला होता. "आई कुठे आहे?" असे मी विचारले, तर म्हणाला, "शेतात. तिला म्हटलं, मी जाऊन येतो." चिठ्ठी घेण्यासाठी त्याने हात पुढे केला, तो डावा होता. त्याच्या ते लक्षातही आले नसावे.